एकेक नको, सगळे मिळून: घटकीय प्रयोगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृषीचे विद्यार्थी, कारखान्यातले क्वालिटीवाले, स्वतःच्या शेतात काहीतरी करून बघणारे शेतकरी आणि विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात जागे झालेले पालक, अशी वेगवेगळी माणसं फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही, पण बेअरिंगचा आणि मटाराचा प्रश्न मात्र वगळू नका.

घटकीय प्रयोग म्हणजे काय?

एखाद्या परिणामावर दोन किंवा जास्त गोष्टींचा प्रभाव पडत असेल, तर त्या सगळ्या गोष्टींच्या सगळ्या जोड्या करून बघायच्या. कृषी विद्यापीठात याला सरळ ‘फॅक्टोरियल’ म्हणतात. नत्र द्यायचं की नाही, स्फुरद द्यायचं की नाही, पालाश द्यायचं की नाही, हे तीन प्रश्न असतील तर जोड्या आठ होतात: काहीच नाही, फक्त नत्र, फक्त स्फुरद, फक्त पालाश, दोन-दोनच्या तीन जोड्या आणि तिन्ही एकत्र. आठही शेतात लावायच्या. यातल्या नत्र-स्फुरद-पालाशला ‘घटक’ म्हणतात आणि ‘देणं’ किंवा ‘न देणं’ या त्यांच्या ‘पातळ्या’.

शाळेत तर शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदला. ते चूक होतं का?

अर्धं बरोबर होतं. दोन गोष्टी नेहमी एकत्रच बदलल्या तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही, हे खरंच आहे. पण त्यावर उपाय एकेक बदलणं हाच नव्हे. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून सुट्या ठेवून बदलल्या, म्हणजे चारही जोड्या केल्या, तरी दोघींचा हिशेब वेगवेगळा लागतो.

हे ठासून सांगणारा माणूस म्हणजे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रावर तो १९१९ मध्ये आला. तिथे १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतावर वेगवेगळी खतं टाकून दरवर्षीच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. आकड्यांचा डोंगर होता, पण त्यातून नेमकं काय निघतं ते सांगणं कठीण होतं. १९२६ मध्ये त्याने लिहिलं की निसर्गाला एका वेळी एकच प्रश्न विचारावा हे मत साफ चुकीचं आहे. नीट आखलेली प्रश्नावली समोर ठेवली तर निसर्ग उत्तम उत्तर देतो, उलट एकच प्रश्न विचारला तर दुसऱ्या कुठल्या तरी विषयावर बोलल्याशिवाय तो पुष्कळदा उत्तरच देत नाही.

शिवाय काटकसरीचाही मुद्दा आहे, आणि तो लोकांना पटायला वेळ लागतो. तीन घटक, आठ वाफे. नत्राचा परिणाम काढताना नत्र दिलेले चार आणि न दिलेले चार, असे आठही वाफे कामाला येतात. स्फुरदासाठी तेच आठ. पालाशसाठीही तेच. आता एकेक बदलून बघा: मूळ मांडणी आणि तीन बदल, अशा चार मांडण्या होतात. प्रत्येक तुलना चारास चार वाफ्यांचीच हवी असेल तर सोळा वाफे लागतील. दुप्पट जमीन वापरून माहिती कमी.

आंतरक्रिया म्हणजे काय? दोन्ही घटक परिणाम करतात, एवढंच ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीवर अवलंबून असेल, तर आंतरक्रिया आहे. दोन्ही परिणाम करतात पण आपापल्या जागी, एकमेकांकडे न बघता, तर आंतरक्रिया नाही.

माझं आवडतं उदाहरण बेअरिंगचं आहे. एसकेएफ ही स्वीडिश कंपनी, आपल्याकडे चिंचवडला तिचा कारखाना आहे. तिथला संख्याशास्त्रज्ञ क्रिस्टर हेलस्ट्रँड याने केलेला हा प्रयोग जॉर्ज बॉक्स या संख्याशास्त्रज्ञाने पुढे जगभर सांगितला. इंजिनिअरांना फक्त केज, म्हणजे गोळ्यांना अंतरावर धरून ठेवणारी जाळी, बदलून बघायची होती. जुन्या केजच्या चार चाचण्या, नव्या केजच्या चार. हेलस्ट्रँड म्हणाला, चाचण्या आठच करा, पण त्याच आठांत आणखी दोन गोष्टी बदला: आतल्या कड्याचं उष्णतासंस्करण आणि बाहेरच्या कड्याची खाच गोळीला किती बिलगते ते, म्हणजे ऑस्क्युलेशन. जादा खर्च नाही.

बेअरिंगच्या आयुष्याचे आकडे असे आले. आधी जुनी केज, मग नवी:

दोन्ही बदल नाहीत: १७ आणि १९
फक्त ऑस्क्युलेशन बदललं: २५ आणि २१
फक्त उष्णतासंस्करण बदललं: २६ आणि १६
दोन्ही बदलले: ८५ आणि १२८

शेवटची ओळ बघा. एकट्या ऑस्क्युलेशनने सरासरी १८ वरून २३. एकट्या उष्णतेने १८ वरून २१. दोघांची नुसती बेरीज झाली असती तर २६ यायला हवे होते. आले १०६.५. आणि ज्या केजसाठी हा सगळा खटाटोप होता, तिने म्हणावा असा फरक पडलाच नाही. फरक पडला नाही म्हणूनच प्रत्येक ओळीतले दोन आकडे एकमेकांची पुनरावृत्ती ठरले, म्हणजे तीही फुकटच मिळाली.

एकेक बदलणाऱ्याला यातलं काय दिसलं असतं? १७ चे २५, १७ चे २६, १७ चे १९. मान हलवून त्याने फाइल बंद केली असती. जिंकलेला बदल तसाच ठेवून पुढे जाण्याची सवय असती तर ८५ पर्यंत पोचलाही असता, हे कबूल करायला हवं. पण त्याच उष्णतेने नव्या केजवर १९ चे १६ केले, हे विसरू नका. त्याने नव्या केजपासून सुरुवात केली असती तर उष्णतासंस्करण पहिल्याच दिवशी बाद झालं असतं.

मग ‘मुख्य परिणाम’ या आकड्याला काय अर्थ उरतो?

घटक बदललेल्यांची सरासरी वजा न बदललेल्यांची सरासरी, हा त्या घटकाचा मुख्य परिणाम. आंतरक्रिया मोठी असेल तर त्याला फारसा अर्थ उरत नाही. याच बेअरिंगमध्ये ऑस्क्युलेशनचा मुख्य परिणाम काढला तर तो सुमारे ४५ येतो: बदललेल्या चारांची सरासरी ६४.७५, न बदललेल्यांची १९.५. पण ४५ ची वाढ प्रत्यक्षात कुठल्याच परिस्थितीत मिळत नाही. उष्णतासंस्करण नसेल तर वाढ पाचाची, असेल तर पंच्याऐंशीची. ४५ ही दोघांच्या मधली सरासरी, जिथे कुणीच राहत नाही. म्हणून आधी आंतरक्रिया बघायची, मग मुख्य परिणामाकडे जायचं. अहवालात मात्र नेहमी उलट क्रमाने लिहितात.

कोणत्या घटकाचा वाटा किती टक्के, ते सांगता येईल का?

एका हाताने टाळी वाजत नाही. मग टाळीच्या आवाजात डाव्या हाताचा वाटा किती टक्के? प्रश्नच चुकलाय हे टाळीबाबत लगेच कळतं. ‘उत्पादनात बियाण्याचा वाटा ४० टक्के, पाण्याचा ३० टक्के’ असं कुणी सांगितलं की आपण मात्र वहीत लिहून घेतो.

आंतरक्रिया नसेल तर असे वाटे काढता येतात. पण तेव्हाही ते त्या प्रयोगात निवडलेल्या पातळ्यांपुरते. पाण्याची पातळी ‘पुरेसं’ आणि ‘थोडं कमी’ अशी ठेवली तर पाण्याचा वाटा लहान दिसेल, ‘पुरेसं’ आणि ‘अजिबात नाही’ ठेवली तर सगळा वाटा पाण्याचाच.

प्रयोग केला आणि आंतरक्रिया सापडलीच नाही. मेहनत वाया गेली का?

उलट, तो फार उपयोगी निकाल असतो. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली आयसिस-२ ही चाचणी घ्या. हृदयविकाराच्या झटक्याची शंका असलेले १७,१८७ रुग्ण, ४१७ रुग्णालयं. दोन घटक: रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून, आणि रोज अर्धी गोळी म्हणता येईल एवढं १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन महिनाभर. चार गट. पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावलेल्यांचं प्रमाण असं होतं: काहीच न मिळालेल्यांत १३.२ टक्के, फक्त अ‍ॅस्पिरिन १०.७, फक्त स्ट्रेप्टोकायनेज १०.४, दोन्ही ८.०.

हिशेब करून बघा. अ‍ॅस्पिरिनने २.५ उतरले, स्ट्रेप्टोकायनेजने २.८. दोन्ही मिळून ५.३ उतरायला हवेत, म्हणजे ७.९ राहायला हवेत. राहिले ८.०. एकाने दुसऱ्याची वाट अडवली नाही. डॉक्टरांसाठी याचा अर्थ सरळ होता, दोन्ही द्या. वेगवेगळ्या दोन चाचण्या केल्या असत्या तर ‘एकत्र दिली तर काय’ हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला असता, आणि रुग्णही दुप्पट लागले असते.

एक बारीक गोष्ट. इथे आपण बेरजेने मोजलं. टक्केवारीच्या प्रमाणात, म्हणजे गुणाकाराने मोजलं असतं तर अपेक्षा ८.४ ची आली असती. दोन्ही अंदाज ८.० च्या जवळ आहेत म्हणून वाद नाही. पण कधी कधी बेरजेच्या मोजपट्टीवर दिसणारी आंतरक्रिया गुणाकाराच्या मोजपट्टीवर नाहीशी होते. कोणती मोजपट्टी ते आधी ठरवा. बेअरिंगचं उदाहरण मात्र कुठल्याही पट्टीने मोजा: गुणाकारानेही अपेक्षा २७ च्या आसपास येते आणि समोर १०६ उभे.

चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवायचे कशाला? आम्हाला जमीन ठाऊक आहे.

ठाऊक आहे म्हणूनच. ज्याला जमीन ठाऊक असते तो नकळत आपल्या आवडत्या खताला बरा वाफा देतो. किंवा मजूर युरियाचं पोतं जिथे टेकवतात त्याच बाजूला सगळे नत्राचे वाफे येतात, कारण वाहून न्यायला सोपं. मग पाटाच्या तोंडाशी असलेल्या वाफ्यांच्या ओलीचं आणि नत्राचं श्रेय एकमेकांत मिसळतं, आणि नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरला ते वेगळं करता येत नाही.

जमिनीचं ज्ञान वापरायची जागा वेगळी आहे: गट पाडताना. सारखी वाटणारी जमीन एका गटात घ्या, उतार असेल तर उताराला आडवे गट पाडा, आणि मग प्रत्येक गटाच्या आत चिठ्ठ्या टाका. गट पाडण्याने काय साधतं ते मटारावरच्या एका जुन्या प्रयोगात फार सुंदर दिसतं. त्याचे आकडे ‘आर’ या मोफत संगणक प्रणालीत आयतेच दिलेले असतात आणि जगभरचे विद्यार्थी त्यावर हात बसवतात. २४ वाफे, प्रत्येक वाफा एकराचा सत्तरावा भाग, नत्र-स्फुरद-पालाशच्या आठ जोड्या, चार-चार वाफ्यांचे सहा गट, उत्पन्न पौंडांत.

आठ जोड्या चार वाफ्यांच्या गटात मावत नाहीत. म्हणून प्रत्येक गटात अर्ध्याच जोड्या ठेवल्या आहेत, पण अशा हुशारीने की एकट्या-दुकट्यांचे परिणाम स्वच्छ निघावेत आणि फक्त ‘तिघांची मिळून आंतरक्रिया’ तेवढी गटांच्या फरकात बुडावी. जे गमवायचं ते आपण ठरवून गमावतो. ही युक्ती रूढ करण्यात फिशरचा रोथॅमस्टेडमधला सहकारी फ्रँक येट्स याचा मोठा वाटा होता.

आता तिसरा आणि चौथा गट शेजारी ठेवा. दोघांत अगदी त्याच चार जोड्या आहेत. फक्त नत्र: ६९.५ आणि ६२.०. फक्त स्फुरद: ६२.८ आणि ४४.२. फक्त पालाश: ५५.० आणि ४५.५. तिन्ही: ५५.८ आणि ४८.८. चारही वेळा तिसरा गट वर. सरासरी फरक जवळजवळ पावणेअकरा पौंडांचा, आणि तो खताचा नव्हे, मुख्यतः जमिनीचा. संपूर्ण प्रयोगात नत्राने वाढलेलं उत्पन्न किती? ५.६ पौंड. जमिनीचा आवाज खताच्या आवाजाच्या जवळपास दुप्पट होता, आणि तरी गट पाडल्यामुळे खताचं बोलणं ऐकू आलं.

गंमत म्हणजे याच प्रयोगात पालाशने उत्पन्न सुमारे ४ पौंडांनी घटलं, आणि स्फुरदाचा तर काही म्हणावा असा परिणामच दिसला नाही. त्यावरून ‘मटाराला पालाश देऊ नका’ असा सल्ला मात्र काढू नका. ती एक जमीन होती.

आलेखात दोन रेषा समांतर नाहीत. आंतरक्रिया सिद्ध झाली ना?

थांबा. त्याच मटारात पालाश नसताना नत्राने ८.० पौंड वाढले (५२.९ वरून ६०.९). पालाश असताना ३.३ च वाढले (५१.२ वरून ५४.५). आलेख काढला तर रेषा ठळकपणे फाकलेल्या दिसतात आणि लगेच गोष्ट सुचते, पालाश नत्राचा पाय ओढतो वगैरे.

दोन वाढींमधला फरक ४.७ पौंड. त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नुसत्या योगायोगाने हा आकडा साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो ते माप, ३.२. या प्रयोगात फरक त्रुटीच्या २.२ पट तरी असायला हवा, तेव्हा त्याकडे गांभीर्याने बघायचं. इथे दीडपट आहे. म्हणजे आंतरक्रिया नाही असं सिद्ध झालं का? तेही नाही. या २४ वाफ्यांना ते सांगता येत नाही, एवढंच.

याचं कारण समजून घ्या, कारण प्रयोग आखताना ते उपयोगी पडतं. नत्राचा परिणाम हा बारा वाफ्यांच्या सरासरीतून बारांची सरासरी वजा करून येतो. ‘फरकातला फरक’ हा सहा-सहा वाफ्यांच्या चार सरासऱ्यांतून येतो, आणि त्याची त्रुटी बरोबर दुप्पट होते. तेवढ्याच आकाराचा फरक तेवढ्याच खात्रीने पकडायचा तर चौपट वाफे लागतील. प्रबंधाच्या शीर्षकात ‘आंतरक्रियेचा अभ्यास’ लिहायचं आणि पुनरावृत्त्या तीनच ठेवायच्या, हे मी बरंच पाहिलंय. मार्गदर्शकही सही करतात.

किती घटक घ्यावेत? दहा घेतले तर?

दोन पातळ्यांचे दहा घटक म्हणजे १,०२४ जोड्या. तीन पातळ्यांचे चारच घेतले तरी ८१. शेतात तीन घटकांच्या पुढे जाताना मजुरांचा आणि स्वतःचा विचार करा.

पण प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात सगळ्या जोड्या कराव्याच लागतात असं नाही. निवडक जोड्यांचा अंश पुरतो, बदल्यात काही आंतरक्रिया मुख्य परिणामांत मिसळतात आणि त्या लहान आहेत असं मानून चालावं लागतं. १९४६ मध्ये प्लॅकेट आणि बर्मन यांनी बारा चाचण्यांत अकरा घटक चाळायची मांडणी दिली. पुढच्याच वर्षी भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी ऑर्थोगोनल अ‍ॅरे या मांडण्यांचं गणित मांडलं. जपानचे गेनिची तागुची १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते, आणि आज क्वालिटीच्या प्रशिक्षणात जे ‘तागुची टेबल’ म्हणून शिकवलं जातं त्याच्या मुळाशी हेच गणित आहे. आपल्याकडून गेलेली वस्तू आपल्याकडे इम्पोर्टेड म्हणून परत आली.

तागुचींचं गाजलेलं उदाहरण फरशांचं. १९५३ मध्ये इना या जपानी कंपनीत भट्टीतल्या थप्पीच्या बाहेरच्या आणि आतल्या फरशांचं माप सारखं येत नव्हतं, कारण आच सगळीकडे सारखी नव्हती. नवी भट्टी बांधणं महाग. म्हणून मातीच्या मिश्रणातले सात घटक आठ चाचण्यांत तपासले, आणि मिश्रणात चुना वाढवला की भट्टीची खोड तशीच राहूनही फरशा सारख्या येतात असं निघालं. भट्टी आणि मिश्रण यांची आंतरक्रिया इथे दोष नव्हती, तोच उपाय होता.

पातळ्या दोन ठेवाव्यात की तीन?

कोणते घटक महत्त्वाचे ते शोधत असाल तर दोन. ‘नेमकं किती’ ते शोधत असाल तर तीन तरी. आमटीत मीठ अजिबात नाही आणि मीठ चार चमचे, या दोन पातळ्यांवर चवीचे गुण सारखेच पडतील आणि मिठाचा चवीवर परिणाम नाही असा शोध लागेल.

ठिबक आणि खत दोन्ही तपासायचंय. प्रत्येक वाफ्याला वेगळं पाणी देणं शक्य नाही.

हा अस्सल शेतातला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर स्प्लिट प्लॉट. पाण्याची पातळी मोठ्या तुकड्याला द्यायची, कारण व्हॉल्व्ह एकच असतो. त्या तुकड्याच्या आत लहान वाफे पाडून खताच्या चिठ्ठ्या टाकायच्या. पाण्याचे मोठे तुकडे मोजकेच असल्यामुळे पाण्याबद्दलचं उत्तर ढोबळ मिळतं, खताबद्दलचं आणि खत-पाणी आंतरक्रियेचं जास्त नेमकं. ज्याची माहिती जास्त अचूक हवी तो घटक आत ठेवा.

चूक होते ती विश्लेषणात. चाळीस लहान वाफे मोजले म्हणून पाण्याच्याही चाळीस पुनरावृत्त्या झाल्या असं धरलं जातं. व्हॉल्व्ह चारच असतील तर पाण्याच्या नोंदी चारच. आणि कडेच्या ओळी मोजणीत घेऊ नका, शेजारच्या वाफ्याचं पाणी आणि खत पाझरतंच.

मुलीला विज्ञान प्रदर्शनासाठी घरी करता येईल असं काही?

मटकीला मोड आणा. परिणाम मोजता येतो, खर्च नाही, आणि शेवटी उसळ होते. घटक तीन: भिजवण्याचा वेळ आठ तास किंवा सोळा, नंतर फडक्यात बांधायची की झाकणाच्या डब्यात ठेवायची, आणि भिजवायला साधं पाणी की कोमट. आठ जोड्या, प्रत्येकी मोजून पन्नास दाणे. चोवीस तासांनी मोड आलेले दाणे मोजायचे. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा करायचं, तो दुसरा गट.

काही सूचना. दाणे एकाच पिशवीतून, नीट ढवळून घ्या, नाहीतर तळाचे बारीक दाणे एकाच वाटीत जातात. गणंग दाणे असणारच, ते निवडून काढू नका, सगळ्या वाट्यांत सारखे वाटले जाऊ द्या. वाट्या कुठे ठेवायच्या ते चिठ्ठ्यांनी ठरवा. ‘फ्रिजमागची उबदार जागा’ हा चौथा घटक घ्यायचा मोह होईल, पण ती जागा एकच आहे, म्हणजे वरचीच व्हॉल्व्हची अडचण. आणि मोड म्हणजे किती लांबीचा मोड, ते मोजण्याआधी ठरवा. मोजणाऱ्याला कोणती वाटी कसली ते सांगू नका, आजीला बसवा मोजायला.

निकाल काय येईल ते मी सांगत नाही.

एकूणात परिणाम आला नाही, पण एका गटात मात्र जोरदार दिसतोय. लिहू का?

लिहा, पण आधी हे वाचा. आयसिस-२ च्या संशोधकांकडेही रुग्णांचे उपगट पाडून निकाल मागितले गेले होते. त्यांनी ते दिले, सोबत राशींप्रमाणेही पाडून दाखवले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही, उलट किंचित तोटाच, असं त्यात निघालं. बाकी सगळ्या राशींना मोठा फायदा. या राशी पाश्चात्त्य पद्धतीच्या, जन्मतारखेवरून येणाऱ्या, तेव्हा पत्रिका काढून बसू नका. बारा तुकडे पाडले की एखाद-दुसरा तुकडा उलटा जाणारच, आणि ते छापून आलं म्हणजे पुढच्या वेळी कुणी हसण्यावारी नेणार नाही असं त्यांना वाटलं असावं.

आंतरक्रिया शोधायची असेल तर तिचं नाव प्रयोगाआधी कागदावर लिहा. नंतर सापडलेली आंतरक्रिया हा पुढच्या प्रयोगाचा विषय.

आमच्याकडे पाच वर्षांच्या नोंदी आहेत. त्यातूनच घटकांचा हिशेब काढता येणार नाही का?

अंदाज बांधता येतील, प्रयोगाची खात्री नाही. ज्या वर्षी पाऊस चांगला त्या वर्षी खतही जास्त टाकलं जातं. दोन्ही कायम एकत्र बदलत राहिले असतील तर ती जोडी पाच काय, पन्नास वर्षांच्या नोंदींतूनही सुटणार नाही.

या विषयात मराठी माणसांचं काही काम आहे का?

भरपूर. वि. गो. पानसे यांनी इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत काम केलं, आणि पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक. दोघांनी मिळून कृषी संशोधकांसाठी लिहिलेलं सांख्यिकीचं पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये काढलं, आणि देशभरच्या कृषी विद्यार्थ्यांच्या तोंडी ते नुसतं ‘पानसे-सुखात्मे’ झालं. कुणाच्याही एम.एस्सी. प्रबंधाची संदर्भसूची उघडा, सापडेल.

पीक विम्यासाठी गावोगावी होणाऱ्या पीक कापणी प्रयोगांमागची नमुना-निवडीची पद्धत आपल्याकडे रुजवण्यातही या दोघांचा हात आहे. नावात ‘प्रयोग’ असला तरी त्यात आपण काही बदलून बघत नाही, फक्त मोजतो. त्यामुळे या पानावरचं त्याला फारसं लागू नाही.

विश्लेषण कशात करावं?

‘आर’ मोफत आहे आणि मटाराचे आकडे त्यात एनपीके या नावाने आहेतच. त्यावर आधी हात बसवा, आकडे वर दिलेल्यांशी जुळतात का बघा, मग स्वतःचे घाला. दोन पातळ्यांचे तीन घटक असतील तर एक्सेल किंवा वही-पेन्सिलही पुरते.

सगळ्यात चांगली जोडी सापडली. आता लगेच सगळ्या शेतावर लावू?

आठ जोड्यांतली जी पहिली आली, तिला थोडं नशिबानेही पुढे ढकललेलं असतं. तिच्या शेजारी तुमची नेहमीची पद्धत ठेवा, दोघांना पाच-सहा जागी चिठ्ठ्या टाकून लावा आणि आणखी एक हंगाम बघा. पहिल्या वर्षीचा आकडा तेवढाच्या तेवढा सहसा परत येत नाही. निम्मा आला तरी समाधान माना, आणि उलटा आला तर पहिल्या वर्षी वाफे कुणी वाटले होते ते आधी विचारा.